जादा वजन

आमच्या धंद्यात आधी कागद येतात, मग माल येतो. बाहेरच्या लोकांना हे उलटं वाटतं. जहाज अजून भर समुद्रात असतं, पण त्यात काय आहे, किती खोकी आहेत, कोणी पाठवली, कोणी मागवली आणि प्रत्येकाचं वजन किती, हे सगळं माझ्या टेबलावर येऊन पडलेलं असतं. ते तपासून कस्टम्सच्या संगणकात भरायचं, हे माझं काम. विकणाऱ्याच्या बिलात एक आकडा, पॅकिंग लिस्टमध्ये दुसरा आणि जहाज कंपनीच्या कागदावर तिसरा असं झालं की माल बंदरात अडकतो आणि मागवणारा माझ्या नावानं शंख करतो. इतकी वर्षं हेच करतेय, त्यामुळे भाजीवाल्यानं पिशवी हातात दिली तरी मी मनातल्या मनात आधी पिशवीचं वजन वजा करते.

आमच्या मालकांचा एकच नियम होता. रकाना कोरा सोडायचा नाही. शून्य लिहा, रेघ मारा, ‘लागू नाही’ लिहा, पण कोरा नको. नवीन माणूस कामावर आला की ते नाकावरचा चष्मा वर ढकलत सांगायचे, “कोऱ्या जागेत कोण काय भरेल याचा नेम नसतो. आणि सही तुझी असते.” त्यांच्या पाठीमागे आम्ही सगळे त्यांची नक्कल करायचो. मी सगळ्यांत चांगली करायचे.

घरी आई आणि मी. पाचवा मजला, चार माणसांची छोटी लिफ्ट. जास्त माणसं शिरली की ती कर्कश केकाटायची आणि कोणीतरी उतरेपर्यंत दार मिटायची नाही. घर तसं दोघींना पुरून उरायचं, कारण ते तिघांच्या हिशेबानं घेतलेलं होतं.

दादा जहाजावर होता, इंजिनखान्यात. तीन वर्षांपूर्वी त्याचं जहाज एका वादळात शिरलं आणि बाहेर आलंच नाही. शेवटचं कुठं दिसलं एवढं कळलं, त्यापुढं काही नाही. वीस-बावीस माणसं होती त्यावर. बाकीच्यांच्या घरी रडारड झाली. आमच्या आईनं रडायचंच नाकारलं. “जहाजांना उशीर होतो,” ती म्हणायची, आणि मी बंदरात कामाला, म्हणून रोज संध्याकाळी मी चपला काढायच्या आधी विचारायची, “आज काही आलं का गं?”

दादाची एक खोड होती. तो कधी एकटा घरी आला नाही. शाळेत असताना दोघं-चौघं पोरं, नंतर जहाजावरचे सोबती, कधी रस्त्यात ओळख झालेला कुणी. दारातूनच ओरडायचा, “आई, हेपण जेवतील!” आई तोंडानं करवादायची आणि हातानं मोठं पातेलं चढवायची. ते पातेलं रिकामं उचलायलाही दोघं लागायची. दादा गेल्यावरही ते ओट्याखालीच होतं, घासूनपुसून लख्ख.

आणि मी सांगतेय त्या महिन्यात ते माळ्यावर गेलं. एका रविवारी आई एकदम म्हणाली, “ते वर टाक. उगीच जागा अडवतंय.” मी शेजारच्या काकांना बोलावलं, शिडी लावली आणि आम्ही दोघांनी ते पातेलं पार आतल्या कोपऱ्यात, जुन्या गाद्यांच्या मागे ढकललं. खाली उतरले तर आई पदरात तोंड घालून रडत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्या रात्री ती पोटभर जेवली आणि सकाळपर्यंत गाढ झोपली. दुसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा तिनं काही आलं का असं विचारलं नाही. शेजारच्या काकूंबरोबर ती फिरायला जायला लागली, हसायला लागली, माझ्या केसांना नावं ठेवायला लागली. मला माझी आई परत मिळत होती. हे असंच चालू राहावं, यापलीकडे मला खरंच काही नको होतं.

तो कंटेनर आला तेव्हा हे सगळं जेमतेम रुळत होतं.

माल होता डायलिसिसच्या मशीनला लागणाऱ्या गाळण्यांचा, एका मोठ्या हॉस्पिटलनं मागवलेला. कागद आरशासारखे स्वच्छ. मी ते जहाज यायच्या आधीच भरून ठेवले होते. दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि बंदरातल्या वजनकाट्यावरून फोन आला.

“ताई, तुमचा कंटेनर जास्त भरतोय,” काटेवाला म्हणाला.

“किती?”

“फार नाही. एका माणसाइतका.”

वजन करायची रीत सोपी आहे. ट्रेलर कंटेनरसकट काट्यावर चढतो. आलेल्या आकड्यातून गाडीचं वजन काढायचं, रिकाम्या कंटेनरचं त्याच्या दारावरच रंगवलेलं असतं, तेही काढायचं. उरतो तो माल. आणि माणसाइतकं वजन जास्त आलं की दहातल्या नऊ वेळा ड्रायव्हर केबिनमध्ये बसून राहिलेला असतो.

“मामांना खाली उतरवा आधी,” मी म्हणाले. ट्रेलरच्या ड्रायव्हरला आम्ही सगळे मामा म्हणायचो.

“मामा माझ्यासमोर उभं राहून चहा पितायत,” काटेवाला म्हणाला. “मी तीनदा वजन केलं.”

मी डबा झाकला आणि स्कूटर काढली.

पोचले तोवर तपासणी अधिकारी आला होता. तरुण, इस्त्रीचा शर्ट, कशावर चटकन विश्वास न ठेवणारा. आमच्या दोघांच्याही मनात एकच होतं, पण बोलायचं धाडस कोणी करत नव्हतं. बंद कंटेनरमध्ये लपून माणसं येतात. कधी जिवंत सापडतात, कधी नाही. मी दाराला कान लावला. आतून काही ऐकू येत नव्हतं. सील मात्र शाबूत होतं, नंबर कागदाशी जुळत होता. ते तोडलं आणि मजुरांनी दोन्ही दारं ओढली.

आधी वास आला. जळक्या तेलाचा आणि शिळ्या समुद्राचा. मग ऊब. उन्हात तापलेल्या पत्र्याची ऊब मला माहीत आहे, ती कोरडी असते. ही तशी नव्हती. भरपूर माणसं बराच वेळ बसून नुकतीच उठून गेलेली असावीत, अशा बंद खोलीची ती ऊब होती. दारातला मजूर दोन पावलं मागं सरकला आणि त्यानं उगाचच “सॉरी” म्हटलं. कोणाला, ते त्यालाही सांगता आलं नाही.

सगळी खोकी बाहेर काढली. एकूण एक मोजली, कागदाशी तंतोतंत जुळली. दहा-बारा खोकी अधिकाऱ्यानं उघडून पाहिली. गाळण्याच होत्या. माणूस नव्हता, माणसाचं काहीच नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं की मी मामांच्या हातातला चहा मागून घेतला.

“आता रिकामा काट्यावर घ्या,” अधिकारी म्हणाला. “म्हणजे विषय संपला.”

मामांनी ट्रेलर काट्यावर घेतला आणि खाली उतरून आमच्याजवळ येऊन उभे राहिले. काटेवाल्यानं आकडा वाचला. परत वाचला. मग खिडकीतला काट्याचा स्क्रीनच आमच्याकडे वळवला.

माल जमिनीवर होता. आणि जादा वजन अजून गाडीवर होतं.

अधिकारी स्वतः कंटेनरमध्ये चढला, भिंती ठोकल्या, तळाच्या फळ्या उचकटून पाहिल्या. मी खाली उभी राहून त्याच्या बुटांचा आवाज ऐकत होते आणि मला जाणवलं की तो मधल्या भागातून सरळ चालतच नाहीये, कडेकडेनं, भिंत धरून चालतोय. तो बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं.

“मध्ये...” तो म्हणाला आणि थांबला. “माहीत नाही. वाट नाहीये असं वाटलं.”

“गाडीच्या स्प्रिंगचे पाटे बघा साहेब,” मामा हळूच म्हणाले. “रिकाम्या गाडीचे पाटे असे दबत नाहीत.”

तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला. तिथल्या स्टोअरच्या बाई चांगल्या होत्या, कधी आवाज चढवायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांचा आवाज कापत होता. गाळण्या संपल्या होत्या. सकाळच्या पेशंटना काय सांगू, एवढंच त्या विचारत होत्या.

अधिकाऱ्यानं ते ऐकलं. त्यालाही हे प्रकरण लवकर मिटायला हवं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. “माल बरोबर आहे,” तो म्हणाला. “गाळण्या सोडायला माझी हरकत नाही. पण काट्यावर जादा दिसलंय आणि काट्याची नोंद मला पुसता येत नाही. ज्याची नोंद नाही ते मी गेटबाहेर सोडू शकत नाही. कुणाच्या तरी नावावर ते घ्यावं लागेल. हमीपत्र द्या.”

हमीपत्र म्हणजे एका पानाचा छापील नमुना. जादा आढळलेल्या मालाची जबाबदारी खाली सही करणाऱ्याची, आणि तो सही करणाऱ्याच्या पत्त्यावर गेला असं समजावं, असा मजकूर. मी गाडीच्या बॉनेटवर ठेवून भरायला घेतला. नाव. घरचा पत्ता. मालाचं वर्णन: ‘उपलब्ध नाही’. वजन: काट्यावर होतं ते. मग आला नगांचा रकाना.

किती नग?

शून्य लिहावं तर वजन कशाचं? एक लिहावं तर एक काय, ते उद्या कोणी विचारलं तर दाखवणार काय? मी पेन टेकवून थांबले. फोन पुन्हा वाजला, हॉस्पिटलचाच. अधिकारी घड्याळ बघत होता. त्या दुपारी मी पहिल्यांदा रकाना कोरा सोडला आणि सही ठोकली. अधिकाऱ्यानं न वाचता शिक्का मारला.

“एकदा शेवटचं वजन करा,” तो म्हणाला.

काटेवाल्यानं आकडा वाचला. बरोबर. किलोचाही फरक नाही.

मामा गाडीच्या पाट्यांकडे बघत होते. ते वर आले होते.

“काटा बिघडला असणार,” अधिकारी म्हणाला, आणि त्यानं ते इतक्या अजिजीनं म्हटलं की मी लगेच “हो, तसंच असणार” म्हणून टाकलं. खोकी दुसऱ्या गाडीत भरून हॉस्पिटलकडे रवाना झाली. पेशंटची सोय झाली, याचा मला खरोखर आनंद होता. बाकीचं मी डोक्यातून काढून टाकायचं ठरवलं. ठरवलं की मला ते जमतं.

दिवेलागणीला मी घरी निघाले. बंदराच्या गेटातून बाहेर पडले आणि स्कूटर जड लागायला लागली. चढावर तर ती नेटच धरेना. मागच्या टायरची हवा गेली असेल म्हणून पंक्चरवाल्याकडे थांबले. त्यानं बसल्या बसल्या मीटर लावलं.

“हवा ठीक आहे, ताई. मागं एवढं वजन घेत जाऊ नका, इंजिन बसेल.”

“मागं कोण आहे?” मी हसून म्हणाले.

त्यानं पहिल्यांदा मान वर केली, माझ्या मागच्या सीटकडे पाहिलं आणि मग सीटखालच्या टायरकडे. टायर जमिनीवर दबून पसरला होता. मी वळून पाहिलं. सीटवर कोणी नव्हतं. सीटचं रेक्झिन मध्ये खोल बसलं होतं आणि तसंच राहिलं होतं.

पंक्चरवाल्यानं मीटर पिशवीत टाकलं आणि दुकानाच्या आत निघून गेला. पैसेसुद्धा मागितले नाहीत.

स्कूटर तिथंच सोडून पळत सुटावं, असं मला वाटलं. पण घरी आई एकटी होती.

इमारतीखाली पोचले. लिफ्ट तळमजल्यावरच होती. आत शिरले, पाचचं बटण दाबलं आणि लिफ्ट केकाटायला लागली.

जास्त वजन झालं की केकाटते, तशी.

आत मी एकटी होते. मी आरशात पाहिलं, आरशातही एकटीच होते. मला गुदमरायला झालं. नाकात तो वास शिरला, जळक्या तेलाचा आणि शिळ्या समुद्राचा. खांद्याला ऊब लागत होती, दोन्ही बाजूंनी.

मी धडपडत बाहेर पडले.

लिफ्टचा आवाज बंद झाला. दार मिटलं. ती वर गेली. दारावरचा आकडा मी बघत राहिले. पाचवर थांबला.

जिन्यात किती वेळा ठेचकाळले ते आठवत नाही. घराचं दार सताड उघडं होतं आणि आतून भांड्यांचा आवाज येत होता.

आई स्वयंपाकघरात होती. गॅसवर मोठं पातेलं चढवलेलं होतं.

“आई,” मला धापेनं बोलता येईना. “हे कोणी काढलं?”

“त्यानंच काढून दिलं,” आई म्हणाली. “मला कुठं शिडी चढता येते?”

शिडी काढलेलीच नव्हती. माळ्यावरच्या जुन्या गाद्या मात्र बाजूला सारलेल्या दिसत होत्या.

“कोणी, आई?”

ती माझ्याकडे वळली. तो चेहरा मी तीन वर्षांत पाहिला नव्हता. आनंद मावत नव्हता त्यावर. खरं सांगते, क्षणभर मलाही झाला. क्षणभर मीही दाराकडे पाहिलं. दादा, असं तोंडातून निघूनही गेलं.

“मी आज विचारलंसुद्धा नव्हतं गं,” आई म्हणाली. “विचारायचं सोडलं, तेव्हा आला. आणि सवय तीच मेल्याची. एकटा म्हणून येणार नाही.”

बाहेर लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज झाला.

मग मिटल्याचा. लिफ्ट खाली गेली.

मी बाहेरच्या खोलीत आले. सोफ्याच्या तिन्ही गाद्या खोल दबलेल्या होत्या. दादाच्या पलंगाची चादर कडेकडेनं ताणली गेली होती. खिडकी उघडी होती, तरी खोलीत ती ऊब होती, आणि लादीवर पाऊल टाकायला मला वाट सापडेना.

लिफ्ट वर आली. दार उघडलं. मिटलं. खाली गेली.

हातातला फोन वाजला. काटेवाला होता.

“ताई, घरी पोचलात का? नाही, काळजीचं काही नाही. तुम्ही काट्यावरून गेल्यापासून येणारी प्रत्येक गाडी काट्यावर जास्त भरतेय. कुठल्याही जहाजाची असो. आणि गेटबाहेर पडताना बरोबर.”

“किती गाड्या?” मी विचारलं.

“झाल्या असतील पन्नासेक.”

दादाच्या जहाजावर वीस-बावीस माणसं होती.

“साहेबांनी एकही अडवली नाही,” तो म्हणाला. “तुमचंच हमीपत्र लावतायत सगळ्यांना. नगांचा रकाना कोरा आहे ना, त्यात बसतंय म्हणाले.”

मी फोन कधी ठेवला, कळलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आईच्या हातात पाण्याचा तांब्या होता. ओट्यापाशी ती भिंतीला अगदी चिकटून, कोपर अंगाशी घेऊन उभी होती, दाटीत आपण उभे राहतो तशी.

“अजून किती जण आहेत गं?” तिनं विचारलं. “त्या अंदाजानं पाणी टाकते.”

बाहेर लिफ्टचं दार मिटलं. ती पुन्हा खाली निघाली.